स्क्रॅपचा लाल डबा, सहा दिवसांचं ट्रेनिंग आणि साडेतीन तारे

हा अभिप्राय मी तीनदा लिहायला घेतला. ट्रेनिंग संपलं त्या शनिवारी लिहिला असता तर पाच तारे देऊन मोकळी झाले असते. दीड महिन्याने लिहिला असता तर एक तारा दिला असता, तोही ट्रेनर माणूस म्हणून चांगला होता एवढ्यासाठी. आज पाच महिने झालेत, आकडे वहीत आहेत, डोकं थंड आहे आणि माझे तारे साडेतीनवर येऊन थांबलेत.

कोणती सेवा ते आधी सांगते. छोट्या मशीन शॉपमध्ये येऊन, तिथल्याच मशीनवर ऑपरेटरना शिकवणारी ही एक संस्था आहे. नाव देत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत आणि त्यांच्याकडून माझं एक काम अजून यायचंय. आम्ही सीएनसी लेथवर (धातू फिरवत कापणारं, संगणकावर चालणारं मशीन) बुश, पिना, स्पेसर असले छोटे सुटे भाग बनवतो. पहिल्या शिफ्टचे बारा ऑपरेटर, सहा दिवस, रोज चार तास असं ठरलं. ड्रॉइंग वाचणं, मोजमाप, ऑफसेट (मशीनमध्ये टाकायची मापाची दुरुस्ती), इन्सर्टची म्हणजे कापणाऱ्या पात्याची झीज आणि सुरक्षितता असे विषय. शिवाय ‘तीस दिवसांनी फॉलोअप भेट’ असं त्यांच्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत छापलेलं. त्या ठळक अक्षरांकडे पुन्हा यावंच लागणार आहे.

माझ्याबद्दल एवढंच, की मी अर्थशास्त्रात एम.ए. केलं आणि मग वडिलांच्या कारखान्यात येऊन बसले. ‘आर्थिक विकासात शिक्षण व प्रशिक्षणाचे योगदान स्पष्ट करा’ हा प्रश्न आम्हाला हमखास यायचा. उत्तर तोंडपाठ होतं. रॉबर्ट सोलो यांनी 1957 मध्ये अमेरिकेचा 1909 ते 1949 असा चाळीस वर्षांचा हिशेब मांडला. माणशी तासाला होणारं उत्पादन दुप्पट झालं होतं आणि त्या वाढीतला जेमतेम आठवा हिस्सा यंत्रसामग्री वाढल्यामुळे आला होता. उरलेल्या सात हिश्श्यांवर त्यांनी ‘तांत्रिक बदल’ अशी चिठ्ठी चिकटवली, पण त्या पोत्यात नेमकं काय काय भरलंय ते धड कुणालाच सांगता येईना. मग 1960 मध्ये थिओडोर शुल्ट्झ यांनी अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात अध्यक्षीय भाषण केलं. माणसांच्या आरोग्यावर, शाळेवर आणि कामावरच्या प्रशिक्षणावर जे पैसे जातात त्यांना आपण खर्च म्हणून सोडून देतो, प्रत्यक्षात ती गुंतवणूक आहे, असं त्यांचं म्हणणं. 1979 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एवढं लिहिलं की मार्क मिळायचे. मलाही मिळाले.

ते उत्तर बरोबर होतं. पण त्यात बारीक मापं घेणारा मायक्रोमीटर कुणाच्या हातात आहे आणि तो त्याला वाचता येतो का, याचा एक शब्दही नव्हता.

आता ट्रेनिंग. पहिले दोन दिवस वाया गेले, हे स्पष्टच लिहिते. दीडशेच्या आसपास स्लाइड, सगळ्या इंग्रजीत, उदाहरणं सगळी मोटारींच्या मोठ्या कारखान्यांतली. रोबोट, कन्व्हेअर, चकाचक फरशी. माझी माणसं कूलंटचा वास असलेल्या शॉपमधून आलेली. ती हाताची घडी घालून, शाळेतल्या मागच्या बाकावर बसावं तशी बसली होती. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर तिघं सरळ झोपले. मी ट्रेनरला बाजूला घेऊन म्हटलं, ‘सर, हे असंच चालणार असेल तर मी उद्यापासून मशीन सुरू करते.’ खरं कारण सांगायचं तर मला बंद मशीन दिसत होती. संस्थेच्या फीपेक्षा मला तो खर्च जास्त बोचला. शिक्षणाचा हिशेब मांडताना, शिकण्याच्या काळात बुडालेली कमाई हा खर्चाचा फार मोठा भाग असतो, हे शुल्ट्झ यांनी बजावून सांगितलं होतं. मी ते परीक्षेत लिहिलंही होतं. तेव्हा माझं काही बुडत नव्हतं, म्हणून लक्षात राहिलं नाही.

ट्रेनर शहाणा निघाला. तिसऱ्या दिवशी त्याने प्रोजेक्टर लावलाच नाही. शॉपमध्ये फिरला, कोपऱ्यातला स्क्रॅपचा लाल डबा उचलला आणि टेबलावर उपडा केला. एकाच प्रकारचे चाळीस बुश निवडले. बाहेरचा व्यास 32 मिलिमीटर, टॉलरन्स म्हणजे चालणारा फरक अधिक-उणे 0.02. म्हणजे 31.98 पासून 32.02 पर्यंत जॉब (बनवलेला भाग) पास. प्रत्येकाला मायक्रोमीटर दिला, प्रत्येक जॉबवर खडूने माप लिहायला सांगितलं आणि नंतर स्वतः सगळे पुन्हा मोजले.

चाळीसपैकी नऊ जॉब चांगले होते. अगदी धडधडीत पास. आम्ही ते बनवले, मोजले आणि आमच्या हाताने डब्यात टाकले.

शॉपमध्ये असली शांतता मी याआधी फक्त लाइट गेल्यावर ऐकली होती.

कारण काय ते नीट सांगते, कारण माझ्यासाठी सगळ्या ट्रेनिंगचा जीव तिथे होता. मायक्रोमीटरचं स्पिंडल (जॉबला टेकणारी दांडी) एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर सरकतं. थिंबलवर (फिरवायच्या टोपणावर) पन्नास रेघा, प्रत्येक रेघ 0.01 ची. स्लीव्हवर (त्याखालच्या स्थिर नळीवर) आडव्या रेषेच्या एका अंगाला पूर्ण मिलिमीटरच्या खुणा आणि दुसऱ्या अंगाला अर्ध्या मिलिमीटरच्या. जॉब 31.98 चा असेल तर स्लीव्हवर 31 ची खूण दिसते, तिच्यापुढची अर्ध्याची खूणही उघडी झालेली असते आणि थिंबल 48 वर असतं. 31 अधिक 0.50 अधिक 0.48. पण अर्ध्याच्या खुणेवर तेलाचा थर बसलाय, उजेड मागून येतोय आणि शिफ्ट संपायला दहा मिनिटं आहेत, अशा वेळी ती खूण नजरेतून सुटते. मग माप होतं 31.48. जॉब अर्धा मिलिमीटर बारीक! टाक डब्यात. त्याहून वाईट म्हणजे बारीक आलाय म्हणून ऑफसेट अर्ध्याने वाढवला जातो आणि पुढचा जॉब खरोखरच 32.48 चा निघतो.

दुसरं कारण मला जास्त लागलं. एका पोराने 32.01 मोजलं, बरोबर मोजलं आणि तपासणीच्या कागदावर लिहिलं 32.1. ‘शून्य कशाला लिहायचं, त्याला किंमत नसते,’ असं तो म्हणाला. पुढच्या माणसाने 32.1 वाचलं आणि चांगला जॉब फेकला. ट्रेनरने विचारलं, ‘32.1 मोठं की 32.09?’ बारापैकी पाच जणांनी 32.09 सांगितलं. नऊ मोठे ना एकापेक्षा! ही सगळी मुलं दहावी पास आहेत. दोघं बारावी.

लँट प्रिचेट या अर्थशास्त्रज्ञाने 2001 मध्ये एक अडचणीचा प्रश्न विचारला होता: गरीब देशांत माणसांची शाळेतली वर्षं एवढी वाढली, मग माणशी उत्पादनाच्या वाढीत ती दिसत का नाहीत, गेलं कुठे ते शिक्षण? पुढे एरिक हानुशेक आणि लुडगर व्होसमान यांनी देशोदेशीच्या विद्यार्थ्यांचे चाचण्यांतले गुण घेऊन पाहिलं, तर देशाच्या वाढीशी नातं दिसत होतं ते येणाऱ्या कौशल्यांचं. शाळेत किती वर्षं बसला हे त्यापुढे फिकं पडत होतं. प्रिचेटच्या प्रश्नाचं एक छोटं उत्तर माझ्या टेबलावर खडूने लिहिलेलं होतं. पाचवी-सहावीत दशांश अपूर्णांकांचा जो धडा कच्चा राहिला, त्याची वसुली पंधरा वर्षांनी माझ्या स्क्रॅपच्या डब्यातून चालली होती. पोरांची चूक म्हणवत नाही. त्यांना कुणी त्या धड्याशी थांबू दिलं नसणार. अभ्यासक्रम पुढे सरकला आणि ती त्याच्यामागे फरफटत गेली.

ट्रेनरने इथे जे केलं त्याला मी पैकीच्या पैकी देते. तो चिडला नाही, हसला नाही. पट्टी घेतली, त्यावर 32 आणि 33 च्या मधले दहा भाग दाखवले, मग एका भागाचे पुन्हा दहा. ‘तुम्ही रोज शंभरातला एक भाग हाताने कापता आणि कागदावर लिहिताना शून्याला घाबरता,’ एवढंच म्हणाला. त्या दिवशी दुपारी कुणी झोपलं नाही.

चौथा आणि पाचवा दिवस ऑफसेटचा. आमच्याकडे तोवर ऑफसेटला फक्त सेटर (मशीन लावून देणाऱ्या) काकांनी हात लावायचा, असा दंडक होता. काका वडिलांच्या वेळचे. इन्सर्ट झिजला की व्यास हळूहळू वाढतो. ऑपरेटरला ते दिसायचं, पण तो मशीन थांबवून काकांना हाक मारायचा. काका तिसऱ्या मशीनवर वाकलेले. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कधी वीस. दिवसात असं किती वेळा होतं, ते मी कधी मोजलंच नव्हतं. ट्रेनिंगच्या आधी आठवडाभर मोजायला लावलं तेव्हा वही पाहून मीच चपापले.

शिकवण्याची त्याची पद्धत साधी होती. आधी माणसाला विचारायचं की यातलं तुला काय येतं. मग स्वतः सावकाश करून दाखवायचं, प्रत्येक पायरीला ‘का’ सांगायचं. मग त्याच्या हातून करून घ्यायचं आणि करताना त्यालाच बोलायला लावायचं: ‘जॉब 32.03 आला, म्हणजे 0.03 जास्त, मी एक्सच्या वेअर ऑफसेटमध्ये उणे 0.03 टाकतोय.’ (एक्स म्हणजे व्यासाची दिशा, वेअर म्हणजे झीज.) बोलता आलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. आणि चौथी पायरी म्हणजे माणसाला कामावर सोडून देऊन मागाहून अधूनमधून येऊन पाहणं. ही पद्धत या संस्थेची नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अनुभवी कामगार लढाईवर गेले आणि कारखान्यांत नवी माणसं आली, तेव्हा 1940 ते 1945 या काळात तिथल्या सरकारने ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाची योजना चालवली. त्यात मुख्यतः सुपरवायझरना शिकवलं, की शिकवायचं कसं. युद्ध संपल्यावर अमेरिकेत ती गुंडाळली गेली आणि जपानने उचलली. तिथल्या कारखान्यांत ती मुरली. ‘कामगार शिकला नाही तर शिकवणाऱ्याने शिकवलं नाही,’ हे त्यांचं ब्रीद. ट्रेनरने ते फळ्यावर लिहिलं तेव्हा मी मनात म्हटलं, लक्षात ठेवते हं, सर.

काकांचा तोंडवळा त्या दोन दिवसांत बघण्यासारखा होता. ऑफसेट पोरांच्या हातात गेला म्हणजे आपलं काय, ही धाकधूक स्पष्ट दिसत होती. पाचव्या दिवशी संध्याकाळी ते माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, ‘ताई, आता मी करू काय?’ मी म्हटलं, ‘काका, नवीन जॉब पकडायची फिक्स्चर दोन वर्षं तुमच्या डोक्यात पडून आहे, ती बनवा.’ ती झाली. मापात दिसणार नाही असा हा फायदा आहे. पोरं शिकली म्हणून काका मोकळे झाले, आणि काका मोकळे झाले म्हणून आम्ही एक नवं काम घेऊ शकलो.

सहावा दिवस म्हणजे समारंभ. वीस प्रश्नांची पर्याय निवडा छापाची परीक्षा, सगळे पास. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा अभिप्रायाचा कागद, सगळ्यांनी हसऱ्यावर खूण. हारतुरे, फोटो, प्रमाणपत्रं. तीन प्रमाणपत्रांवर नावं चुकलेली. अमेरिकेत डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्येच लिहून ठेवलंय, की प्रशिक्षण चार पायऱ्यांवर मोजावं: माणसांना आवडलं का, ती शिकली का, कामावर तशी वागू लागली का आणि त्यातून धंद्यात काही फरक पडला का. आमच्या संस्थेने पहिली पायरी हसऱ्या चेहऱ्यांनी मोजली, दुसरी सोप्या परीक्षेने आणि मोठ्या मनाने उरलेल्या दोन माझ्यावर सोडून दिल्या. मी त्या मोजल्या. ज्यांना अशी सेवा घ्यायची आहे त्यांच्यासाठी पुढचं लिहिते.

ट्रेनिंगच्या आधी पहिल्या शिफ्टचं रिजेक्शन (नापास जॉब) हजारात 34 होतं. नंतरच्या दोन आठवड्यांत 15 वर आलं. मी हवेत. सहाव्या आठवड्यात पाहिलं तर 31. मी जमिनीवर. काय झालं होतं? कामाचा दट्ट्या आला तशी अर्ध्याच्या खुणेची आठवण पुसट झाली, बोलून ऑफसेट टाकायची सवय सुटली (एकट्याने मशीनशी बोलायला लाज वाटते म्हणे), आणि मीही दोन मोठ्या ऑर्डरींच्या मागे धावत होते, वही उघडून बघितलीच नाही. भारतातल्या कापड विणणाऱ्या 17 कंपन्यांत अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच प्रयोग केला होता. काही गिरण्यांना सल्लागार देऊन साठा, दर्जा, देखभाल यांच्या साध्या शिस्ती शिकवल्या. पहिल्याच वर्षात उत्पादकता 17 टक्के वाढली. काही वर्षांनी ते परत गेले, तर शिकवलेल्या शिस्तींपैकी जवळपास निम्म्या गळून पडल्या होत्या. मॅनेजर बदलले होते, मालकांना वेळ नव्हता. तरीही त्या गिरण्या न शिकवलेल्यांच्या पुढेच होत्या. हे वाचून मला जरा बरं वाटलं, आणि ‘मालकांना वेळ नव्हता’ हे वाचून जरा वाईट.

इथे ती ठळक अक्षरं. तीस दिवसांनी यायची भेट तीस दिवसांनी झाली नाही. पाच फोन केले. ‘सर दुसऱ्या बॅचवर आहेत,’ ‘पुढच्या आठवड्यात नक्की,’ ‘मेल टाका ना मॅडम.’ मागाहून येऊन पाहायची चौथी पायरी शिकवणारी संस्था त्या पायरीवरच गायब! शेवटी मी सांगितलं, की फीचा शेवटचा हप्ता फॉलोअप झाल्यावर देईन. तिसऱ्या दिवशी ट्रेनर हजर. एक पूर्ण तारा मी या एका गोष्टीसाठी कापलाय.

पण आला आणि अर्ध्या दिवसात त्याने जे केलं ते पहिल्या दोन दिवसांच्या स्लाइडपेक्षा दहापट मोलाचं होतं. प्रत्येक मशीनपाशी उभा राहिला, काही बोलला नाही, नुसतं पाहिलं. मग तीनच बदल सुचवले. मायक्रोमीटर पुसायचं फडकं मशीनवर दोरीने बांधा. मोजायच्या जागी दिवा समोरून येईल असा लावा. तपासणीच्या कागदावर माप लिहायला मोकळी जागा ठेवू नका, दशांशाची दोन घरं आखूनच द्या, म्हणजे शून्य गाळताच येणार नाही. खर्च नगण्य. त्यानंतर आकडा खाली आला तो 15 च्या आसपास राहिलाय.

आता श्रेय किती द्यायचं? याच काळात आमचा बारचा (धातूच्या सळयांचा) माल पुरवणारा बदलला होता, नवा माल अधिक एकसारखा आहे. म्हणून मी ट्रेनिंग न मिळालेल्या दुसऱ्या शिफ्टचे आकडेही पाहिले. तिथे रिजेक्शन 36 वरून 27 वर आलं होतं. पहिल्या शिफ्टची घट 19, दुसरीची 9. दोहोंतला फरक 10. म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त श्रेय ट्रेनिंगचं. हा फरकांतला फरक काढायची युक्ती मी अर्थशास्त्रज्ञ एस्थर दुफ्लो यांच्याकडून उचलली. इंडोनेशियाने 1973 ते 1978 या काळात 61,000 हून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. जिथे जास्त शाळा झाल्या तिथल्या लहान मुलांची, वय उलटून गेलेल्या मोठ्या मुलांशी आणि कमी शाळांच्या भागांशी तुलना करून दुफ्लो यांनी दाखवलं, की दर हजार मुलांमागे एका शाळेने त्या मुलांचं पुढचं वेतन दीड ते 2.7 टक्क्यांनी वाढवलं. माझ्याकडे दोन शिफ्टची एक वही आहे, पण रीत तीच.

फक्त माझ्या हिशेबात एक भोक आहे, आणि ते मला दुसऱ्या शिफ्टच्या भिंतीवर सापडलं. तिथे जाड पुठ्ठ्यावर स्केचपेनने काढलेला तक्ता टांगला होता: मायक्रोमीटरचं चित्र, अर्ध्याच्या खुणेला लाल बाण, खाली ‘आधी पुसा, मग वाचा, मग बोला’. पहिल्या शिफ्टमधल्या ज्या पोराने शून्य गाळलं होतं त्यानेच तो काढून दिला होता, शिफ्ट बदलताना पंधरा मिनिटं जादा थांबून. मी सांगितलेलं नव्हतं. म्हणजे दुसऱ्या शिफ्टच्या 9 पैकी काही तरी याचंही असणार, आणि ट्रेनिंगचं श्रेय मी कमीच धरलंय. नेदरलँड्समधल्या एका कॉल सेंटरवर असाच अभ्यास झालेला आहे. शिकलेल्यांची कामगिरी साधारण 10 टक्क्यांनी सुधारली, आणि त्यांच्या शेजारी बसणाऱ्या न शिकलेल्यांचीही थोडी सुधारली. कुणी एकाला शिकवलं की त्याची फी एक जण भरतो, फायदा मात्र भिंतीपलीकडे जातो. सरकारांनी शाळांवर पैसे का घालावेत, याची सगळी कारणमीमांसा या एका वाक्यात बसते, पण मला परीक्षेत त्यावर तीन पानं लिहावी लागली होती.

फायदा भिंतीपलीकडे जातो, आणि कधीकधी माणूसही. तक्ता काढणारा तोच पोरगा तिसऱ्या महिन्यात नोकरी सोडून मोठ्या कंपनीत गेला. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांचं म्हणणं मला पाठ होतं: जे कौशल्य कुठल्याही कारखान्यात चालतं त्याचा खर्च मालक सहसा उचलत नाही, कारण शिकलेला माणूस जास्त पगारावर दुसरीकडे जाऊ शकतो, तो खर्च शिकाऊ काळातल्या कमी पगाराच्या रूपाने कामगारच भरतो. मालक खुशीने शिकवतो ते फक्त त्याच्या कारखान्यापुरतं उपयोगी असलेलं. आता मायक्रोमीटर वाचणं माझ्यापुरतं थोडंच आहे? मग मी का शिकवलं? डॅरन असमोगलू आणि योर्न-स्टेफान पिश्के यांनी जर्मनीतल्या शिकाऊ उमेदवारीचा अभ्यास करून याचं एक उत्तर दिलंय. माणूस किती चांगला आहे हे त्याच्या आजच्या मालकाला जितकं कळतं तितकं बाहेरच्याला कळत नाही. म्हणून बाहेर त्याला पूर्ण भाव मिळत नाही आणि शिकवणाऱ्या मालकाच्या पदरात काही उरतं. माझ्या बाबतीत हे खरं ठरतं. बारातले अकरा आहेत.

आहेत, पण का आहेत हेही लिहिते. तो गेल्यावर मी उरलेल्या अकरा जणांना, स्वतः ऑफसेट टाकतात म्हणून, वरची श्रेणी आणि पगारवाढ दिली. आधी द्यायला हवी होती. काम वाढलं, जबाबदारी वाढली, रिजेक्शन उतरलं आणि त्यातला वाटा महिनोन्‌महिने माझ्या एकटीच्या खात्यात पडत होता. संस्थेच्या माहितीपत्रकात मालकाचा फायदा सहा मुद्द्यांत लिहिलाय, कामगाराचा एकाही नाही. पुढच्या आवृत्तीत घालावा.

आता माझी शिफारस. घ्या ही सेवा, पण जशी देतात तशी घेऊ नका. पहिले दोन दिवस कापायला लावा. मी दुसऱ्या शिफ्टसाठी चार दिवसांचा करार केलाय, स्लाइड शून्य. ट्रेनर येण्याआधी आठवडाभर मशीन किती वेळा आणि कशासाठी थांबतं ते लिहून काढा, नाही तर नंतर मोजायला काही उरत नाही. दशांशाची उजळणी पहिल्याच दिवशी घ्यायला सांगा, दहावी पास आहेत म्हणून सोडू नका. सुपरवायझरला ट्रेनिंगमध्ये बसवाच. ट्रेनर गेल्यावर मागाहून पाहायची चौथी पायरी त्यालाच चढायची असते. आणि शेवटचा हप्ता फॉलोअपपर्यंत हातात ठेवा. सुरक्षिततेचं सत्र ठीकठाक होतं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

राहता राहिलं प्रमाणपत्र. माझ्या लेखी त्या कागदाला किंमत नव्हती. कपाटात पडला होता. पण गेलेल्या पोराचा मागच्या महिन्यात फोन आला. ‘ताई, नवीन कंपनीत सर्टिफिकेट मागतायत, माझ्यावर नाव चुकलंय.’ अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी 1973 मध्ये मांडलं होतं, की पदवी हा मालकाला दाखवायचा इशाराही असतो. माणसाला आत काय येतं ते बाहेरून दिसत नाही, म्हणून कागद बघतात. तिथे कुणी त्याच्या हातात मायक्रोमीटर देऊन बघितलं नसणार. मी संस्थेला मेल केला, बरोबर नाव मोठ्या अक्षरांत लिहून पाठवलं. तिन्ही प्रमाणपत्रं दुरुस्त करून पाठवतो म्हणाले.

आठवडा झाला. काल पुन्हा फोन केला. सर दुसऱ्या बॅचवर आहेत.